रेकॉर्डवरची नवरी

सोपाऱ्याच्या वाडीत हळद कुणाचीही असो, गाणं येसूआजीच म्हणायची आणि प्रत्येक कडव्यात त्या नवरीचं नाव गुंफायची. बावन्न साली कंपनीच्या साहेबाने तिला मुंबईला नेऊन ते गाणं रेकॉर्डमध्ये भरलं, तेव्हा तो म्हणाला, "आजी, नवरीचं नाव सुमन घाला. कानाला गोड लागतं, सगळीकडे खपेल."

रेकॉर्ड खपली. मग प्रत्येक मांडवात फोनोवर तीच वाजू लागली आणि आजी कोपऱ्यात बसून स्वतःचाच आवाज ऐकू लागली.

पुढे तिच्या नातीची, द्वारकेची हळद आली. या एका दिवसासाठी आजीने गळा जपला होता. तिने हट्टाने फोनो बंद करायला लावला आणि पहिल्याच कडव्यात "द्वारका" म्हटलं. मांडवातल्या पोरी खिदळल्या, "अगो, आजी गाणं विसरली!"

आजीने आशेने नवरीकडे पाहिलं.



हळदीने माखलेली द्वारका रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याच हळदीला असं का गो, आजी? सगळ्यांसारखं सुमनच म्हण ना!"