गाडीपाशी

असीरगडावर वडील गाडीतून उतरले नाहीत, तेव्हा सुवर्णाला वाटलं, ऊन सोसत नसेल. पण मांडूलाही त्यांनी गाडी नेमकी कडुनिंबाच्या सावलीत उभी करायला सांगितली आणि म्हणाले, "तू ये निवांत बघून. मी थांबतो गाडीपाशी."

तीस वर्षं त्यांनी धुळ्याहून टुरिस्ट गाडी चालवली होती. फेरीवरून आले की ते तिला मांडूच्या रूपमती महालाचं वर्णन करून सांगायचे. खांबांमधून घोंगावणारा वारा, गच्चीवरून चांदीच्या तारेसारखी दिसणारी नर्मदा. ते ऐकत ऐकतच ती इतिहासाची शिक्षिका झाली. आता तेच सगळं त्यांच्या तोंडून, तिथं उभं राहून ऐकायचं, म्हणून तर तिनं ही सहल काढली होती.

"बाबा, महालाकडे जायचं कुठून?"

त्यांनी नजर चुकवली. "पाण्याचा नळ तिकडे आहे. चहा त्या टपरीवर बरा मिळतो." मग हळूच म्हणाले, "आत कधी गेलोच नाही गं. परतीच्या वाटेवर पॅसेंजर बोलायचे, ते ऐकून ठेवायचो तुझ्यासाठी."

सुवर्णानं गाडी लॉक केली आणि त्यांचा हात धरला.

गच्चीवरून ते बराच वेळ नर्मदेकडे बघत राहिले. धुरकट उन्हात ती जेमतेम दिसत होती.

खाली आले, तर कडुनिंबाखाली जळगावच्या एका गाडीचा ड्रायव्हर दार उघडं टाकून पेंगत होता. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा, वर जाऊन या," ते म्हणाले. "मी थांबतो गाडीपाशी."