रणधीरचा वाटा

"तेल अजून घाल," कस्तुराबाई म्हणाल्या.

दैवशालेचा हात तेलाच्या बाटलीवर थांबला. सासूच्या तोंडून असलं वाक्य तिनं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. 'तेल वासापुरतं' हा कस्तुराबाईंचा मंत्र. चार थेंब जास्त पडले तर आख्ख्या बेंबळी गावाला ऐकू जाईल एवढं बोलायच्या. आणि आज उंबऱ्यात बसून म्हणतायत, अजून घाल!

"आत्याबाई, अजून अर्धा महिना काढायचाय ह्या बाटलीवर."

"घाल म्हनते न्हवं."

तिनं घातलं. लसूण तडतडला, पाण्याला उकळी आली, आणि ती हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे तळहातावर वळून पातेल्यात सोडू लागली. पीठ निम्मं हुलग्याचं, निम्मं ज्वारीचं. भाजी नको, भाकरी नको. रस्सा आपोआप दाट होतो आणि पोटाला तड लागते. हे सगळं म्हातारीनंच शिकवलेलं. पोरांना आठाच्या आत वाढायचं नाही, हेसुद्धा. लवकर जेवलं की निजताना परत भूक लागते. आज मात्र पाच वाजताच त्यांनी सुनेला चूल पेटवायला लावली होती. अकरा वर्षांची निकिता आणि सहाचा शंभू शाळेतून येऊन, दप्तरं टाकून चुलीपाशीच बसले होते.

म्हातारीला झालंय तरी काय! दैवशालेला हसूच येत होतं. मघाशी शेजारचा गौरीशंकर दारात येऊन त्यांच्या कानाशी काहीतरी बोलून गेला, तेव्हापासून हे सुरू. कुठं घबाड सापडलं की काय बाई!

रणधीर पहाटेच कांद्याची पिकअप घेऊन सोलापूरला गेला होता. माल उतरला की फोन करायचा, ही त्याची सवय. आज केला नव्हता.

"आत्याबाई, माझा फोन द्या की. ह्यांना लावून बघते."

गौरीशंकर गेल्या गेल्या म्हातारीनं तो मागून घेतला होता. माझ्यातलं रिचार्ज संपलंय म्हणाल्या. पण कुणाला लावलेला काही दिसला नाही. फोन त्यांच्या कनवटीला होता. त्यांनी त्यावर पदर ओढला.

"ऱ्हाऊ दे. आधी वाढ पोरास्नी."

दैवशालेचं हसू तिथंच विरलं.

शेंगोळे शिजले. तिनं रोजच्यासारखा आधी डबा घेतला. पहिला वाटा रणधीरचा, मग पोरांचा, मग सासूचा, तळाला उरेल ते तिचं. कमावत्याचं आधी काढून ठेवायचं, हा नियमही म्हातारीचाच. डब्यात दोन पळ्या पडल्या आणि कस्तुराबाईंनी डबा तिच्या हातातून ओढून घेतला. निम्मा शंभूच्या ताटात ओतला, निम्मा निकिताच्या.

"आज्जी, हे पप्पाचं आहे," निकिता म्हणाली.

"जेव तू. पोटभर जेव. शंभू, तू बी. आज कुनी मोजत न्हाय."

दैवशालेनं पळी खाली ठेवली. "आणि ह्यांना काय वाढू मग?"

कस्तुराबाईंनी रिकामा डबा पालथा घातला. तिनं दाराबाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला गौरीशंकर आणि आणखी दोघं जण तिथल्या कल्याणप्पाच्या हुडव्याच्या ढिगातून गोवऱ्या काढून ट्रॉलीत भरत होते. तिघांनीही ह्या घराकडं पाठ केली होती. समोरच्या दारांत बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि तिची नजर वळताच एकेक आत सरकली. एवढ्या गोवऱ्या गावात एकाच कामाला लागतात.

तिचं तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत म्हातारीनं तिचं मनगट धरलं. हाड मोडेल असं धरलं.

"पोरगं जेवतंय," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "आता ह्या घरात चूल पेटायची न्हाय. रणधीरचा बाप गेला तवा त्यो शंभूएवढाच हुता. समदी रडत बसली, आन् माझं लेकरू दोन दिस उपाशी. मला बी सुद न्हवती."

निकितानं दोघींकडं बघितलं. मग मान खाली घालून ती जेवू लागली.

शंभूला मात्र कसलीच घाई नव्हती. एकेक शेंगोळा उचलून, त्यातला रस्सा चोखून, मग तो तोंडात टाकत होता. "आई, आज लई भारी झालंय! तेल कसं वर तरंगतंय बघ."

दैवशालेनं पदराचा बोळा दातांत धरला होता. तो तिनं काढला.

"अजून वाढू, राजा?"

"वाढ."

तिनं पळी भरली. एक थेंबही सांडू दिला नाही. शंभूनं तेही संपवलं, ताट बोटानं निपटलं आणि ढेकर दिला.

"झालं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"झालं. टम्म झालं पोट."

कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. रोज रात्री निखारे राखेत झाकून सकाळसाठी जपणाऱ्या त्या बाईनं तांब्याभर पाणी चुलीत ओतलं.

"आता रड," त्या सुनेला म्हणाल्या.

पण पहिला हंबरडा त्यांचाच फुटला.