घोट्याखाली

सांगाडा घोट्यापर्यंतच होता. वैजयंतीने पुन्हा पुन्हा ब्रश फिरवून माती साफ केली, तरी पावलं काही निघाली नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वी ही बाई मेली, तेव्हा तिचे पाय तोडून तिला तिच्याच घराच्या जमिनीखाली पुरलं होतं.

"बाई गं, किती दुष्ट माणसं!" नोंदी घेणारी तिची विद्यार्थिनी तेजल म्हणाली.

"दुष्ट कसली? आपलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून केलं असेल. मायेपोटी." वैजयंतीच्या आवाजाला उगाचच धार आली.

तेवढ्यात शेजारच्या शालनकाकूंचा फोन आला. "आई तुझी शांत आहे गं. सकाळपासून उंबऱ्याशी बसलीये. माहेरी जायचंय, पण अनवाणी कशी जाऊ, म्हणते. चपला कुठे ठेवल्यास?"

वैजयंतीने झाडाखालच्या जीपकडे पाहिलं. आईच्या चपला मागच्या सीटखाली होत्या. आईला हल्ली काही आठवत नसे. दोनदा ती चालत पार हायवेपर्यंत गेली होती. तेव्हापासून रोज निघताना वैजयंती त्या चपला गुपचूप सोबत आणायची.

"मी नाही बघितल्या, काकू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"मॅडम, मग 'मायेपोटी' असंच लिहू ना?"

वैजयंती त्या घोट्यांकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "पाय तोडलेले आहेत, एवढंच लिही."