सरदाराची जागा

सकाळी आठला कालव्यातलं पाणी सोडून दिलं आणि रिकाम्या होड्या चिखलात कलंडल्या. ब्रॅनम या करमणुकीच्या पार्कमधली ‘जंगल सफर’ बंद झाली होती. उन्हाळ्यापर्यंत कालव्यावरच्या त्याच बोगद्यात भिंतीएवढे पडदे लागणार होते आणि पडद्यांवर हत्ती-वाघ धावणार होते. त्याआधी शेवटच्या वळणावरचे पुतळे काढायचे होते. कढईभोवती भाले घेऊन नाचणारे चार काळे रानटी, कढईत टोपीवाला गोरा साहेब आणि पुढ्यात जाड लाल ओठांचा त्यांचा सरदार. होडी जवळ आली की हा सरदार मान वळवायचा आणि जबडा उघडायचा.

सरदाराला लूशस टॉलिव्हरनेच उतरवायचं, असं वरून ठरून आलं होतं. दुरुस्ती खात्यात माणसं सहा. त्यात काळा तो एकटाच.

एकतीस वर्षं तो जबडा लूशसनेच चालता ठेवला होता. कामावर लागला त्याच आठवड्यात त्याने लिहून दिलं होतं की हे पुतळे काढून टाका. तेव्हाच्या मुकादमाने कागद वाचला, नीट घडी घालून त्याच्याच खिशात परत ठेवला आणि हातात वंगणाचा डबा दिला. लूशसने दुसरा कागद दिला नाही. घरात दोन लहान मुलं होती. आणि हातात घेतलेलं काम वाईट करणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याच्या हाताखाली सरदाराची मान कधी करकरली नाही.

मुलगी रेनीटा आठ वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर इथे येऊन गेली. होडीतली सगळी पोरं आधी सरदाराकडे आणि मग तिच्याकडे बघून हसली. हे तिने बापाला सांगितलं ते थेट लग्नाच्या आदल्या दिवशी. रागाने नाही, सहज बोलता बोलता. म्हणाली, “डॅडी, तुम्ही त्याला ठेवलंच होतं इतकं छान. अगदी जिवंत वाटायचा.”

प्रसिद्धी खात्याची केटलिन नऊ वाजता फोटोग्राफरला घेऊन येणार होती. सव्वानऊ झाले तेव्हा लूशसने पाना उचलला. कामातला जोडीदार ड्वेन म्हणाला की थांब जरा, ते लोक येऊ देत. लूशस थांबला नाही. त्याने चारही नट सोडवले, दोघांनी मिळून सरदाराला उचललं आणि हातगाडीवर पालथं घातलं.

जागा रिकामी झाली. जमिनीतून वर आलेले चार बोल्ट तेवढे उरले. लूशस तिथेच उभा राहून बघत राहिला. हा दिवस आला की छातीवरचं काहीतरी उतरेल असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि खरोखरच, थोडंसं उतरलंही.

तेवढ्यात केटलिन फोटोग्राफरला घेऊन आली. पोरगी पंचवीस-सव्वीसची, बोलायला गोड. हातगाडी बघून तिचा चेहराच पडला. मग तिने विचारलं, “लूशस, पुन्हा बसवता येईल का? दोनच मिनिटं. बसवायचा आणि काढायचा.”

ड्वेन दुसरीकडे बघू लागला.

केटलिनने एक कागद पुढे केला. बातमीत लूशसच्या नावाने जे छापायचं होतं ते त्यात तयार होतं. माझ्यासारख्यांसाठी आज न्यायाचा दिवस आहे, पार्कच्या या नव्या वाटचालीत माझा हात लागतोय याचा मला अभिमान वाटतो, असं काहीसं. लूशसने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“महिनाअखेर मी इथे नसणार,” तो म्हणाला. “माहीत आहे ना तुम्हाला?”

तिला माहीत नव्हतं. लूशसने सांगितलं. पडद्यांना ना मान असते ना जबडा, त्यांची देखभाल बाहेरचे लोक करणार. बाकीच्या पाच जणांना पार्कातल्या दुसऱ्या पाळण्यांवर घेतलंय. पुतळ्यांचं काम ज्याचं होतं त्याचं कामच संपलं, असं त्याला आलेल्या पत्रात लिहिलंय.

केटलिन खरंच ओशाळली. “मला वाईट वाटतंय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण ते खातं वेगळं आहे, लूशस.”

लूशसने कागद घडी घालून तिला परत दिला. तो निघून जाईल असं ड्वेनला वाटलं. पण तो हातगाडीपाशी गेला आणि सरदाराच्या काखेत हात घालून उभा राहिला. ड्वेनने पाय धरले. दोघांनी त्याला पुन्हा बोल्टांवर बसवलं. लूशस गुडघ्यावर बसला, पहिला नट चढवला आणि पाना लावून आवळू लागला. सवयीने त्याने खांदा टेकून जोर लावला.

कॅमेरा तीन-चारदा वाजला.

“झालं,” फोटोग्राफर म्हणाला. “फार सुंदर आलाय.”

लूशसने मान वर केली. “अहो, मी अजून आवळतोय. काढायला कुठे घेतलंय?”

फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघितला आणि केटलिनलाही दाखवला.

“फोटोत ते कळत नाही,” तो म्हणाला.

केटलिन आणि फोटोग्राफर रिकाम्या कालव्यातून बाहेरच्या उन्हाकडे चालू लागली. सरदार आपल्या जागी उभा होता. लूशस त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेला होता आणि उरलेले तीन नट त्याच्या मुठीत होते.