सूर्यभानचे सल्ले

कापसाच्या गाठींसोबत समुद्र ओलांडून विलायतेला गेलेला सूर्यभान दोन वर्षांनी हिवरखेडला परतला. घरच्या अंगणात तो एकटा, अन् ओट्यावर अख्खं गाव.

"तिकडच्या बाजारात जासान त पहिले नुसते फिरा, भाव मंग इचारा," तो सांगत होता. "समुद्राच्या काठी वारा लय झोंबते, घोंगडं न्या. तहान लागली त कोन्याई दुकानात पानी मांगा. जात न इचारता हातात पेला देतेत."

"काय सांगतं!" म्हणत लोक ऐकत राहिले. बोलून बोलून त्याचा घसा कोरडा पडला.

"माय, पानी दे."

 

माय गडवा घेऊन ओट्याच्या कडेपर्यंतच आली. "प्राश्चित झालं नाई अजून, ओंजय कर बापा," म्हणाली, अन् तिनं वरून धार सोडली.