कार्डावरचं अक्षर

निनावी अर्ज वाचताना बाबारावांचे कान तापले.

'कार्डं हाताने लिहिण्याचा तास बंद करावा. संगणकाच्या काळात तो वेळेचा अपव्यय आहे. शिकवणारेही आता थकले आहेत. – विद्यार्थी.'

"मी तुमच्याच हाताखाली शिकलेली, सर. मी तुमच्या बाजूची आहे," विभागप्रमुख माधवी मॅडम म्हणाल्या. "पण प्राचार्य आजच निर्णय मागतात."

निवृत्तीनंतर बाबारावांकडे ग्रंथालयशास्त्राचा हा एकच तास उरला होता. तो गेला की कॉलेजात यायचं कारणच संपलं.

अर्जातलं अक्षर उभं, सुटं, रेखीव होतं. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांवर कोणाचं वळण ओळखू येऊ नये म्हणून बाबाराव सगळ्यांना हेच एक अक्षर शिकवत. त्यांचीच विद्या घेऊन कोणी तरी त्यांच्यापासून लपलं होतं.

ते तडक वर्गात गेले. कोरी कार्डं वाटली, एक पुस्तक टेबलावर आपटलं. "लेखक, शीर्षक, प्रकाशक. लिहा."

"काऊन सर?" समुद्रपूरहून येणारा निकेश म्हणाला. "कॉम्प्युटरमंधी नाव टाकलं का सारं येते."

"कोणी तरी भरलं म्हणून येतं. तू भरणारा होशील की नुसता पाहणारा?"

"मले तं नोकरी लागली तरी पुरे, सर."

वर्ग हसला.

"लिही," बाबाराव म्हणाले. हसू थांबलं.

बावीस कार्डं गोळा झाली. निकेशची अक्षरं एकमेकांवर चढली होती. अंकिताच्या ओळी उतरणीला लागल्या होत्या. मयुरीनं समासच सोडला नव्हता. बाबारावांनी गठ्ठा टेबलावर फेकला.

"सहा महिने घसा कोरडा केला, त्याचं हे? अर्ज करायची अक्कल आहे, चार ओळी सरळ लिहायची नाही?"

"कोणता अर्ज, सर?" अंकितानं विचारलं. एकाचीही मान खाली गेली नाही.

"तुमचा तास हाय म्हणून तं मी सकाळची एसटी पकडतो," निकेश पुटपुटला. "बाकीच्यायच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येते."

बाबारावांनी कार्डं पुन्हा चाळली. मग ती उचलून ते माधवी मॅडमच्या खोलीत परतले.

माधवी मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "सापडला का, सर?"

"या बाविसांत ते अक्षर एकालाही येत नाही. तीस वर्षांत ते एकाच पोरीच्या हाती बसलं."

त्यांनी ग्लास बाजूला सारला आणि एक कोरं कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

"लिही, माधवी."