अण्णांचा शेरा

"सीट छान आहे," अण्णा म्हणाले, आणि धाकट्याचा पाय ब्रेकवरच राहिला.

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या, तरी तो वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या जन्मात अण्णांनी त्याच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हटलं नव्हतं.

अण्णा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शाळा सुटली तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. धाकटा वर्गात दुसरा आला तेव्हा त्यांनी पहिला कोण आला ते विचारलं. त्याने लिफ्ट बसवण्याचा धंदा नावारूपाला आणला, तर म्हणाले, म्हणजे लोकांना वर पोचवतोस. घर बांधलं तर जिना अरुंद निघाला. थोरला परदेशातून सवड होईल तेव्हा फोन करायचा, त्याचं मात्र आल्यागेल्यापाशी कौतुक व्हायचं. शेवटी धाकट्याने ही सुपरकार घेतली. हौसेपेक्षा नाकावर टिच्चून घेतली, हे तो कुणाला बोलला नव्हता. बायकोला ते न सांगता कळलं होतं.

गाडी बघणाऱ्यांसाठी होती, बसणाऱ्यांसाठी नव्हती. सीट म्हणजे एक टणक कवच आणि त्यावर नावापुरती गादी. मोकळ्या रस्त्यावर गिअरबॉक्स शहाण्यासारखा वागायचा, पण मोकळा रस्ता मिळतो कुणाला? गर्दीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा हिसका द्यायचा की कुणी मागून पाठीत गुद्दा घातला असं वाटावं. बायको दोनदा बसली आणि तिने कानाला खडा लावला. धाकटा रोज तीच गाडी कामावर न्यायचा आणि संध्याकाळी फरशीवर पाठ टेकून कण्हत पडायचा. विकायचं जवळजवळ ठरलंच होतं. एक गिऱ्हाईक गाडी पाहून, बॉनेटवरून हात फिरवून गेलं होतं.

आणि आता अण्णा म्हणत होते, सीट छान आहे.

"गिअरचा हिसका नाही ना बसत?" त्याने जपून विचारलं.

"कसला हिसका? कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही."

धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी पोचल्याबरोबर त्याने गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. बायकोने कपाळावर हात मारला.

मग दर रविवारी बापलेकांची फेरी सुरू झाली. अण्णांना गाडीत बसवणं हे एक कामच होतं. सीट पार जमिनीलगत, त्यामुळे आधी त्यांना टेकवायचं आणि मग पाय एकेक करून आत उचलून ठेवायचे. एकदा त्याच्या हातून दार निसटून त्यांच्या नडगीवर आपटलं. लागलं का म्हणून विचारलं, तर अण्णा म्हणाले, कुठे? आणि समोर बघत बसले. मानी माणूस, धाकट्याला वाटलं. पूर्वी याच गोष्टीवरून आठवडाभर ऐकावं लागलं असतं.

दोन-दोन तास फिरूनही अण्णा हूं की चूं करत नसत. धाकट्याची कंबर मोडून यायची, तो दात आवळून गाडी चालवायचा. नवल म्हणजे ज्या गुडघ्यांच्या नावाने अण्णांनी वर्षानुवर्षं घर डोक्यावर घेतलं होतं, ते गुडघे दुखायचे थांबले. तेल बंद झालं, शेक बंद झाला. गाडी लाभली, असं धाकटा चारचौघांत सांगू लागला. इतकं सुख त्याला धंद्याने दिलं नव्हतं.

बायको एकदा म्हणाली, "अण्णा हल्ली पायांकडे बघत बघत चालतात."

"तुला माझी गाडी खुपते, तसं सरळ सांग," तो म्हणाला.

अखेर एका सकाळी त्याला अंथरुणातून उठताच येईना. बायकोने धरून उभं केलं, हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तरीही तो त्याच गाडीने गेला आणि शेजारी अण्णांना घेऊन गेला. अण्णांना गाडीतच बसवून, वॉचमनला लक्ष ठेवायला सांगून तो भिंतीच्या आधाराने आत शिरला.

डॉक्टरांनी त्याला पालथं घालून तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, गाडी ठेवा नाहीतर कंबर ठेवा. अशा सीटवर धडधाकट माणूससुद्धा अर्ध्या तासात चुळबुळ करायला लागतो.

धाकटा पालथ्या पालथ्याच हसला. "आमचे अण्णा ऐंशीचे आहेत, डॉक्टर. दोन-दोन तास बसतात. एका जागी, न हलता."

"आणि काही दुखत नाही त्यांना?"

"छे. उलट गुडघेसुद्धा बरे झाले. गिअर पडला तरी कळत नाही म्हणतात. आणि माझ्या वडिलांनी एखाद्या गोष्टीला छान म्हणणं म्हणजे..." त्याने उशीत तोंड खुपसलं.

डॉक्टर लिहायचे थांबले. "कुठे आहेत ते?"

तेवढ्यात दार ढकललं गेलं. ताटकळून कंटाळलेले अण्णा वॉचमनच्या खांद्याला धरून आत आले. एका पायात चप्पल होती, दुसरी गाडीतच राहिली होती. वॉचमन खाली वाकून घाबऱ्या आवाजात काहीतरी सांगत होता, फाटकापाशी फुटलेल्या बाटलीचं. अण्णांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते मागे वळून पांढऱ्या फरशीकडे बघत होते. दारापासून त्यांच्या अनवाणी पायापर्यंत लाल ठसे उमटले होते. अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"कुणाचा पाय कापलाय हा?" त्यांनी दरडावून विचारलं. "फरशी पुसून घ्यायची अक्कल नाही?"